यादवभाऊंचं दुसरं कडवं

यादवभाऊंची आणि माझी पहिली भेट तुमसरला एका राइस मिलच्या रिकाम्या गोदामात झाली. आमच्या ऑर्केस्ट्राची तालीम तिथे चालायची आणि मी लाखनीहून गायिका म्हणून परीक्षा द्यायला आले होते. कोंड्याच्या धुळीने घसा खवखवत होता. त्यात मी अशी भरधाव गायले की ढोलकवाल्याला माझ्यामागे धावावं लागलं. कोपऱ्यात पोत्यावर गिटार घेऊन बसलेले एक किडकिडीत गृहस्थ हसले आणि म्हणाले, "बाई, इतकी काहून धावून राहिली वो? गाणं कुठी पळून नाही जाऊन राहिलं." मला राग आला. मी म्हटलं, "तुम्ही हळू वाजवून राहिले, त्याले मी काय करू?" सगळे हसले, सर्वांत जास्त तेच हसले. त्या हसण्यावरच माझी निवड झाली, असं ऑर्केस्ट्राचे मालक पुढे सांगत.

यादवभाऊ यंदा पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठी चार शब्द लिहा, असं समितीने सांगितलं आणि मी लगेच हो म्हटलं. लिहायला बसले तर मन काही हलकं होईना. गौरव करायचा तर छाती भरून यायला हवी. मला मात्र सारखी हळहळ वाटते आहे. ती का, हे सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिताच येणार नाही.

भाऊ नाकाडोंगरीचे. तरुणपणी ते खाणीच्या वसाहतीत वायरमन होते. तिथल्या एका साहेबांच्या बंगल्यावर पंखा दुरुस्त करायला गेले, तेव्हा खाली टेपरेकॉर्डरवर परदेशी गाणी चालू होती. जाणकार लोक त्याला फोक आणि कंट्री रॉक म्हणतात. भाऊंना इंग्रजी येत नव्हतं. पंखा फिरायला लागला तरी भाऊ स्टुलावरून उतरले नाहीत. साहेबांनी वर पाहिलं, आणि ओरडण्याऐवजी कॅसेट उलटून लावली. पुढे साहेबांची बदली झाली, तेव्हा आपली गिटार आणि कॅसेटचा डबा ते भाऊंच्या हाती देऊन गेले.

भाऊंनी गावच्या मास्तरांकडून त्या गाण्यांचे अर्थ समजून घेतले. कुठे लांबचा रस्ता, कुठे गुरं, कुठे रेल्वे आणि घरी जायची ओढ. "हे तं आपलंच आहे गा," ते म्हणाले. या गाण्यांना ते 'निवांत गाणी' म्हणत. त्यांची आवडती गाणी अशी दहाबाराच असतील, पण त्यांच्यावर त्यांचा फार जीव. एकात ट्रक चालवणारा बायकोला आठवत असतो, एकात नदीकाठी कोणी नुसताच बसलेला असतो. त्या चालींवर त्यांनी आपल्या बोलीतले शब्द बसवले, आणि शेवटी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, घरी जाणाऱ्याचं स्वतःचंही एक गाणं केलं:

"धुऱ्याधुऱ्यानं चाल गड्या, सांज अजून दूर हाय..."

या गाण्यांची गंमत तालात होती. भाऊ ठोक्यावर कधी वाजवत नसत, केसभर मागे वाजवत. कार्यक्रमातल्या गाण्यांतही तीच सवय, म्हणून ढोलकवाला चिडायचा. "भाऊ, मांगं काहून राहून राहिले?" त्यावर भाऊ त्याला रोवणीचं उदाहरण द्यायचे. धान रोवताना बाया मागे मागे सरकतात, आणि बांधी, म्हणजे धानाचं खाचर, मात्र पुढे भरत जाते. "घाई केली तं कंबर मोडते अन् रोपटं तिरपं लागते. गाण्याचंही तसंच आहे." मला हे कळायला दोन हंगाम लागले. पुढे मी जे काही बरं गायले, ते या मागे सरकण्यामुळेच.

भाऊंच्या मोठ्या मनाचा एक प्रसंग सांगते. लाखनीला माझ्याच गावच्या लोकांसमोर कार्यक्रम होता आणि ऐन रंगात माझा आवाज बसला. मी माइकसमोर दगडासारखी उभी. भाऊ पुढे आले आणि मधल्या संगीताचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. लोक शिट्या मारायला लागले. "ओ गिटारवाले, विसरले का?" भाऊंनी माइकसमोर हात जोडले, "हो जी, विसरलो. आठवून राहिलो." तोवर मी विंगेत कोमट पाणी पिऊन घसा मोकळा करून आले. गावात दुसऱ्या दिवशी बोलणं निघालं ते गिटारवाल्याच्या विसराळूपणाचं. माझं नाव कोणी घेतलं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आमच्या कार्यक्रमात निवांत गाण्यांना जागाच नव्हती. लोकांना हवं असे धडाक्याचं. भैरवीच्या जागीही आम्ही नाचाचंच गाणं घेत असू. एका गावी असं गाणं संपलं आणि गर्दी एकदम दाराकडे लोटली. एक म्हातारी पडली, एका लेकराचा हात मोडला. मालक हादरले. त्यांनी भाऊंना सांगितलं, "यादव, यापुढे शेवटी तुझं काहीतरी हळू वाजव. लोक आरामात निघतील."

भाऊंना काय आनंद झाला! आपलं 'धुऱ्याधुऱ्यानं' अखेर मंचावर आलं. आणि उपाय लागूही पडला. भाऊंची गिटार सुरू झाली की लोक उठत, पोती-चादरी झटकत, लेकरांना कडेवर घेत, चपला शोधत आणि त्या संथ चालीवर पावलं टाकत मैदानाबाहेर पडत. त्यानंतर आमच्या कार्यक्रमात कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पहिलं कडवं संपेपर्यंत मैदान रिकामं होई आणि भाऊ थांबत. आम्ही तोवर वायरी गुंडाळत असू. या गाण्याची तालीमही कधी झाली नाही. उठून जाणाऱ्यांसाठी कसली तालीम, असं मालक म्हणत.

अशी वर्षानुवर्षं गेली. आज आपल्या भागात कोणालाही विचारा, "धुऱ्याधुऱ्यानं" माहीत आहे. मिलमधले हमाल गुणगुणतात, सायकलवरून जाणारे शीळ घालतात. पण फक्त पहिलं कडवं. दुसरं कडवं आपल्यापैकी कोणीही ऐकलेलं नाही. मीही नाही. भाऊंच्या पत्नी लीलावहिनींना मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मले पाठ आहे. पण सांगीन नाही. त्याइच्या तोंडून आयक."

मी भाऊंना विचारलं होतं, "तुम्हाले वाईट नाही वाटत?" ते म्हणाले, "लोकं घरी नीट पोचतेत. अजून काय पायजे?" पण मग गिटारची तार पुसता पुसता म्हणाले, "एक डाव कोणी बसून रायलं असतं, तं बरं वाटलं असतं."

गेल्या दिवाळीनंतर नाकाडोंगरीच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, मला वाटलं, आता ती वेळ आली. गावकऱ्यांनी आपल्या माणसाचा मान म्हणून दुपारच्या कार्यक्रमाची सुरुवातच भाऊंच्या गाण्याने ठेवली. मैदान खच्चून भरलेलं. भाऊंनी नवीन शर्ट घातला होता. त्यांनी तारा छेडल्या मात्र, आणि काय सांगू! लोक उठायला लागले. कोणी ठरवून उठलं नाही हो. हातपाय आपोआप उठले. बायांनी चादरी झटकल्या, "चाल रे पोट्ट्या, झाला कार्यक्रम," अशा हाका सुरू झाल्या, मोटरसायकली चालू झाल्या. काहीजण उन्हाकडे पाहून गोंधळले, पण दुसरे निघाले म्हणून तेही निघाले. मी माइककडे धावले. भाऊंनी मान हलवून मला थांबवलं. "जाऊ दे कुंदा. सवय आहे त्याइले." पहिलं कडवं पूर्ण करून त्यांनी गिटार खाली ठेवली. मी विंगेत जाऊन रडले, आणि अगदी खरं सांगायचं तर गावकऱ्यांना चार शिव्याही दिल्या.

आता भाऊंच्या डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात. तार नीट दबत नाही. डॉक्टरांनी हाताला विश्रांती सांगितली आहे. या गौरव समारंभात आपण शेवटचं एक गाणं वाजवणार आणि मग गिटार नातीच्या हाती देणार, असं त्यांनी ठरवलं आहे. आणि आमच्या समितीची अक्कल पाहा! पत्रिकेत आभारप्रदर्शनानंतर छापलं आहे, 'श्री. यादवभाऊंचे गिटारवादन'. मी भांडले. "अरे बाबांनो, पुन्हा तेच?" तर म्हणे, "ताई, पत्रिका वाटून झाल्या. अन् शेवट गोड होईल ना."

हा ग्रंथ तरी समारंभाआधी तुमच्या हाती पडेल, म्हणून हे चार शब्द मी भाऊंच्या सगळ्या चाहत्यांसाठी लिहिते आहे. आपण त्यांच्या गाण्यावर सुखरूप घरी पोचलो. त्या दिवशी आभार मानून होतील, भाऊ गिटार घेतील, तुमचे पाय आपोआप चपलांकडे जातील. तेव्हा हा लेख आठवा आणि खुर्ची धरून बसा.

भाऊ, तुमच्या बोटांना पुन्हा बळ येवो. तुमची प्रकृती उत्तम राहो, लीलावहिनींच्या सोबतीने नातीची गिटार ऐकत तुम्ही शंभरी ओलांडा, हे देवाजवळ मागणं आहे. आणि त्या दिवशी पहिल्या कडव्यावर थांबू नका. मांडव रिकामा झाला तरी वाजवत राहा. मी पहिल्या रांगेत बसून राहीन.