आईच्या नावाची सही

बाबांना अंतराळवीरांच्या सह्या जमवायचं वेड होतं. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत पाहुण्याला पाय पसरायला जागा नसे, पण अंतराळात जाऊन आलेल्यांसाठी लोखंडी कपाटातला अख्खा कप्पा राखलेला होता. ऑफिसातून आले की बाबा चहा घेत अमेरिकेला नाहीतर रशियाला पत्र लिहायला बसत. कधीतरी सही केलेला फोटो येई. भिंगातून बघून ते निकाल देत, "हाताची आहे," किंवा तोंड वाकडं करून, "मशीनची!" आईला यातलं काही कळत नाही, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

चौऱ्याऐंशीत आपला माणूस अंतराळात जाऊन आला आणि बाबांच्या वेडाला बिल्डिंगमध्ये मान मिळाला. पुढे एकदा एक परदेशी अंतराळवीर पार्ल्याच्या कॉलेजात भाषणाला आला. बाबा आईला आणि मला घेऊन गेले. माणशी एकच सही मिळणार होती, म्हणून त्यांनी आईच्याही हातात यानाचं चित्र चिकटवलेलं पांढरं कार्ड दिलं, वर आपलं शाईचं पेन. बॉलपेनची सही त्यांना चालत नसे. बायकांची रांग छोटी होती. पुरुषांच्या रांगेत बाबांचा नंबर लागेपर्यंत पाहुणे गाडीत बसून गेलेसुद्धा.

आईचा नंबर आला तेव्हा मी तिच्याजवळच उभं होतं; त्या उंच अंतराळवीराने वाकून तिला नाव विचारलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चक्क माहेरचं नाव सांगितलं. लग्नात बाबांनी तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, तेव्हापासून ते जुनं नाव फक्त आजोळी ऐकू येई. त्याने ते इंग्रजीत लिहून खाली सही केली. शाई पुसेल म्हणून आईने ते कार्ड घरी येईपर्यंत पर्समध्ये ठेवलं नाही.

"अगं, हे काय नाव घातलंस? लोकांना दाखवायचं कसं?" बाबा म्हणाले.

"कशाला दाखवायचं? माझी सही आहे ती."

दसऱ्याला आम्ही पाटीवर सरस्वती काढून वह्या-पुस्तकांची पूजा करत असू. बाबा आपलं भिंग मांडत. त्या वर्षी आईने आपलं कार्ड मांडलं. फुलाने पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, आरती झाली. कार्ड उचललं तर निळी शाई हळदीत उतरलेली. नाव आणि सही मिळून एक डाग झाला होता.

बाबा भडकले. "सहीवर कुणी पाणी घालतं का? एवढी अस्सल चीज, पार वाट लावलीस!" शेजारी सोनं द्यायला आले, तेव्हा आईने हसत चहा टाकला. तिचं काय गेलं, हे घरात कुणीच विचारलं नाही. त्याची हळहळ मला अजून वाटते.

बाबांचा राग फार टिकत नसे. शाईचं पेन आपणच दिलं होतं, हेही त्यांना टोचत असावं. त्यांनी त्या अंतराळवीराला सगळं लिहून कळवलं आणि बायकोसाठी नवी सही मागितली. आईला काही सांगितलं नाही. जिन्याखालची टपालपेटी मात्र रोज आधी तेच उघडत. बऱ्याच महिन्यांनी पाकीट आलं. रंगीत, चकचकीत फोटो, त्यावर पाण्याने न जाणारी जाड काळी सही. भिंगसुद्धा न लावता बाबा ओरडले, "हाताची!" सहीच्या वर आईचं नाव होतं, सासरचं. पत्रात बाबांनी सवयीने तेच घातलं होतं.

आईने पदराला हात पुसून फोटो घेतला. नाव वाचलं.

"छान आहे हो. तुमच्या कप्प्यात ठेवा."

"अगं, तुझी आहे!"

"माझी गेली. ही तुमच्या बायकोची."

बाबांनी फोटो मांडीवर ठेवला. मग चाचरत, जन्मात पहिल्यांदा, त्यांनी तिला माहेरच्या नावाने हाक मारली. आई ओट्यापाशी भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही. त्या आवाजात ते नाव तिने कधी ऐकलंच नव्हतं. आपल्याला कुणी बोलावतंय, हे तिला कळलंच नाही.