मोठीमाय

मुलीनं दहावीनंतर पुण्याजवळच्या एका निवासी शाळेत आंतरराष्ट्रीय डिप्लोमाला जायचं ठरवलं, तेव्हा चंद्रपूरच्या आमच्या घरात फ्रिजवर यादी लागली. सहा विषयांची निवड, दाखले, शिष्यवृत्तीचा अर्ज, मुलाखतीची तयारी. सगळं मीच केलं. पोळ्या लाटता लाटता तिच्याकडून उत्तरं घोकून घेतली. लहानपणापासून तिचं 'मले' खोडून 'मला' केलं होतं, ते आता कामी येणार होतं.

मुलाखत लॅपटॉपवर झाली. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बाजूला बसले. तिकडच्या बाईंनी विचारलं, तुला कोणाकडून शिकावंसं वाटतं? आमचं ठरलेलं उत्तर हवामानबदलावर काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञाचं होतं.

ती म्हणाली, "माझ्या मोठीमायकडून."

मोठीमाय म्हणजे माझी थोरली बहीण. कुरखेड्याकडे धान पिकवते, उन्हाळ्यात मोहफुलं वेचते. आठवडी बाजारात एकीशी गोंडी, व्यापाऱ्याशी हिंदी आणि घरच्यांशी झाडीबोली बोलते. सुट्टीत तिची पिशवी धरून हिंडताना काय काय ऐकलं, ते मुलगी कितीतरी वेळ सांगत होती. बाईंनी पेन खाली ठेवलं.

निवड झाली. पाहुणे आले, पेढे खाऊन बहिणीचं कौतुक करून गेले. मला हेवा वाटला. त्याला दुसरा शब्द नाही. मीही कुरखेड्याकडचीच. ती सगळी बोली मलाही येते. पण मी मुलीला 'आई' म्हणायला शिकवलं, आणि 'माय' बहिणीकडे गेली. तीही मोठी.

शाळा सुरू झाली. मला फोन यायचे ते मोजे, चार्जर, सर्दीच्या गोळ्या यांसाठी. बाकी सगळं ठीक आहे, म्हणायची.

दिवाळीआधी बहीण डोळे तपासायला आमच्याकडे आली होती. ती अंघोळीला गेली असताना तिचा फोन वाजला. पडद्यावर माझ्या मुलीचा फोटो. मी उचलला आणि तोंडून निघालं, "काय वं?" आमचे दोघींचे आवाज सारखे. लग्नाआधी पलीकडच्या खोलीतून वडिलांनाही कोण बोलतंय ते कळत नसे.

"मोठीमाय," ती रडत होती, "मले नाई जमून राह्यलं इथी. गणितात सारे पुढं गेले. आईले नको सांगू. ते लगेच यादी करते."

माझा हात तोवर यादीच्या पॅडकडे गेला होता आणि त्यावर 'शिकवणी' लिहून झालं होतं.

"नाई सांगत," मी म्हणाले. "बोल तू."

ती बोलत राहिली. न्हाणीतलं पाणी थांबल्याचं ऐकू आलं, तसा मी फोन घेऊन गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं.