गौरीची सुट्टी

इंदूर स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि गरम जिलबीचा वास आला. लग्नानंतर मी नाशिककर झाले खरी, पण त्या वासापुढे सासर कुठल्या कुठे पळालं! बालमैत्रीण नलू स्कूटर घेऊन आली होती.

"आधी पोहे खाऊन घेऊ, फिर सांवेर. आज लेट नाही चालणार, परीक्षा आहे," तिने फर्मावलं. पोह्यांवर शेव, त्यावर जीरावन (इथला आंबट-तिखट मसाला). दोन प्लेटा हाणल्या तरी मन भरेना.

नलू सांवेरजवळच्या सरकारी शाळेत मुख्याध्यापिका आहे. त्या दिवशी सगळ्या शाळांना एकच पेपर होता. मुलांच्या निकालावरून शाळेला गुण मिळतात. गेल्या वर्षी ते कमी पडले म्हणून नलूला वरून नोटीस आली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवागार गहू होता.

"गौरीला आज सुट्टी दिली मी," स्कूटर चालवता चालवता नलू म्हणाली. "तिला ऐकू येत नाही ना. तिच्यामुळे शाळेचा नंबर एकदम गिरतो. सगळेच करतात, यार."

मला वसू आठवला. नलूचा धाकटा भाऊ. त्यालाही ऐकू यायचं नाही. शाळा तपासायला साहेब येणार असले की गुरुजी त्याला लाडाने घरी धाडायचे, आणि आम्ही पोरी त्याच्या सुट्टीवर जळायचो. बिचाऱ्याच्या वाट्याला धड नापास होणंही आलं नाही.

शाळेच्या फाटकाशी गौरी उभी होती. चापूनचोपून घातलेल्या वेण्या, लाल रिबिनी. शेजारी तिची आई.

"आज छुट्टी बोली थी ना?" नलूने विचारलं.

"बोली थी, मैडमजी. पर छुट्टी तो सबकी होवे है. इसकी अकेली की कैसी छुट्टी?"

नलू गौरीच्या पाठीवर हात ठेवून तिला आत घेऊन गेली आणि खिडकीखालच्या बाकावर बसवलं.

पेपरात एक गोष्ट होती. शिक्षकांनी ती वाचायची, मुलांनी ऐकून उत्तरं लिहायची. बहिऱ्या पोरीला म्हणे गोष्ट ऐका! धन्य ती पेपर काढणारी मंडळी. नलू खुर्चीतून उठली, ओठांवर उजेड पडेल अशी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि सावकाश वाचू लागली. त्यांच्या घरी वसूशी बोलताना सगळे असेच उजेडाकडे वळायचे. त्याची आई तर पोळी लाटता लाटता उठून दारात यायची.

परतीच्या गाडीत शेवेचा पुडा मांडीवर होता, पण फोडावासा वाटला नाही. आपलं गाव सोडताना दरवेळी जीव तुटतो, या खेपेला जरा जास्तच तुटला.

निकाल लागला तसा नलूचा फोन आला. शाळेचे गुण आणखी घसरले होते. तिला जाब द्यायला बोलावलं होतं.

"आणि गौरी?"

"काठावर पास. गोष्टीचे दोन चुकले," म्हणता म्हणता नलू रडायलाच लागली. "अगं, तिची आई पूर्ण शाळेसाठी पेढे घेऊन आली. बोली, मैडमजी, इस बार इसका भी रिजल्ट आया."