पारापाशी उतरणारी आक्का

आक्का ही माझी थोरली जाऊ. चौसाळ्याजवळच्या आमच्या गावात सायकल चालवणारी ती एकटीच सून, आणि मारुतीचा पार आला की ती रोज खाली उतरायची. पारावर गावातल्या म्हाताऱ्यांसोबत आमचे सासरे बसलेले असत. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. डोक्यावर पदर घेऊन सायकल हाताने ढकलत न्यायची, पार मागे पडला की पुन्हा स्वार! मला या सोंगाचा राग यायचा. ती म्हणायची, "उतरल्यानं काय पाय झिजतेत का माजे?"

वस्तीवरची अंगणवाडी तिच्याकडे होती. एका सकाळी मला मागे बसवून ती निघाली आणि पाराअलीकडच्या उतारावर ब्रेकची तार तुटली. आक्का पाय घासत राहिली, सायकल काही थांबेना. शेवटी ती भर पारासमोर किंचाळली, "सरका, मामा, सरका!" म्हाताऱ्यांनी धोतरं सावरत पाय वर घेतले. आम्ही दोघी थेट कडब्याच्या गंजीत. मला हसू आवरेना. आक्काचं ढोपर फुटलं होतं, पण तिने आधी पदर शोधला. तिचा चेहरा पाहून माझं हसू जागच्या जागी विरलं.

"सासऱ्यावर वरडले गं मी," ती म्हणाली, "उघड्या डोक्यानं."

सायकल गोठ्यात गेली. आक्का चालत जाऊ लागली. रोजचा उशीर, पोरं कुलपापाशी ताटकळायची. वरच्या साहेबांची बोलणी बसली तेव्हा ती कामच सोडायला निघाली.

मामा थोरल्या सुनेशी थेट बोलत नसत. एका संध्याकाळी ते तीच सायकल ढकलत चौसाळ्याहून आले आणि मला म्हणाले, "थोरलीला सांग, ब्रेक नवा बसवलाय. उद्यापासून आमी देवळाच्या भिताडाकडं तोंड करून बसतोत. तिनं बसूनच जावं."

सकाळी मी मुद्दाम तिच्या मागे बसले. खरंच, सगळे म्हातारे रस्त्याकडे पाठ करून बसलेले! तरी आक्का उतरली.

"आता कशाला उतरलात?" मी कुजबुजले.

"माज्यापायी मामा भिताडाकडं तोंड करून बसलेत. आता तर लईच लाज वाटती."

मग रोज तेच. ते पाठ करून बसायचे, ही उतरायची. दोघेही हट्टी. ढकलत नेलेल्या सायकलची टिकटिक ऐकून मामा शेजारच्याला वैतागून विचारायचे, "उतरली का बे पुन्ना?"

मागच्या हिवाळ्यात मामा गेले. तेराव्यानंतर आक्का पहिल्यांदा कामावर गेली. परतल्यावर उंबऱ्यातच बसली. "आज बसूनच गेले," म्हणाली.

मी म्हटलं, "बरं केलंत. त्यांची तीच इच्छा होती."

तिने पदर तोंडाला लावला.

"ते व्हते तवा एकदा तरी जायला पायजे व्हतं गं. तेवढंच मागितलं व्हतं त्यांनी मला."