आत्तींसाठी घरी जोडलेला स्पीकर

माझा आवाज लहानपणापासून बारीक. माहेरी त्यापायी कुणाचं अडलं नाही. पण इकडं आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, कमी ऐकू यायला लागलं आणि पंचाईत झाली. माझी मुलगी पुण्याला नर्स आहे. ती फोनवर आवाज भरून निरोप पाठवते. फोनचा आवाज आत्तींच्या कानापर्यंत पोचत नाही. "काय म्हणली?" त्या विचारतात. मी सांगते. "आं?" मी परत सांगते. शेवटी "र्‍हाऊ दे," म्हणून भिंतीकडं तोंड करतात. नातीचा आवाज त्यांनी कित्येक महिने ऐकला नव्हता.

मालक मिलिटरीतून रिटायर झालेले. त्यांनी ठरवलं, स्पीकर घरीच जोडायचा. तयार आणला तर त्यात आपण काय केलं? सांगलीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं नवशिक्यांचं म्हणून एक लहान किट काढलं. फळ्या कापलेल्या, तारा नुसत्या खाचेत दाबायच्या, कागदावर सगळी चित्रंच. मी म्हणाले, "आवं, हेच घ्या की."

कुणाला ऐकू गेलं नाही.

"ह्यो काय खेळ हाय व्हय?" मालक दुकानदाराला म्हणाले. "परेडच्या शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पायजे." आणि मोठं किट उचललं. आमच्या घरात रांग एकच, तिच्यात आत्ती.

मोठ्या किटातल्या तारा कथील वितळवून चिकटवायच्या होत्या. माझा भाऊ विट्याचा. परमुलखात त्याचं सोनं गाळायचं दुकान आहे. तेव्हा यात्रेला गावी आला होता. मालकांनी बोलावलं, तसा तो सोनं वितळवायची गॅसची बत्ती घेऊनच हजर झाला.

"दाजी, म्या सोन्याचं पाणी करतोय. कथलाचं काय घिऊन बसलाय?"

"करा कारवाई," मालक म्हणाले.

कथलाचं पाणी झालं. मागोमाग प्लॅस्टिकचं झालं. मग स्पीकरच्या कागदी पडद्यानं पेट घेतला आणि भावानं त्यावर तांब्या ओतला.

"माल हलका हाय, दाजी. सोनं असतं तर टिकलं असतं."

"व्हय," मालक म्हणाले. दोघांनी चहा मागितला.

पुढच्या आठवड्यात मालकांनी ते लहान किट आणलं. "ह्येच घ्या म्हणत हुतो मी तवा," म्हणाले. मग चित्रं बघून ते हुकूम सोडत गेले आणि मी फळ्या चिकटवत गेले. डिंक वाळेपर्यंत आत्तींनी खोकं दोन्ही हातांनी दाबून धरलं. त्यांना वाटलं, देव्हारा चाललाय.

संध्याकाळी मुलीचा निरोप आला. मालकांनी फोनला तार जोडली, आवाज पूर्ण मोठा केला आणि सावधान उभे राहिले.

"आई, आजीला सांगू नको हं. दिवाळीत माझी ड्यूटी लागलीय. यायला जमणार न्हाई."

सगळ्या आळीनं ऐकलं. मालकांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच ओरडले. मी स्पीकर बंद करायला हात पुढं केला.

आत्तींनी माझं मनगट धरलं.

"आवाज बसलाय गं तिचा," त्या म्हणाल्या. "परत लाव."