कोंबडीच्या नावावर खपवलेले दाणे

कोंबडीनं ते दाणे आपणहून खाल्ले नव्हते. मीच ते पायानं तिच्यापुढे सारले. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. घरी बायकोला नाही, आमच्या मॅडमना नाही, आणि ज्या मावशीनं ते दाणे मांडले होते तिला तर नाहीच नाही.

ज्वारी होती, जेमतेम चिमूटभर असेल. तेवढ्यासाठी माणूस पाच वर्षं मनात कुढत बसतो का, असं कुणी विचारील. म्हणून मुळापासून सांगतो.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो. त्याआधी पुष्कळ वर्षं सरकारी आरोग्य केंद्रात औषधनिर्माता होतो, म्हणजे लोकांच्या भाषेत 'गोळ्यावाले सर'. खिडकीतून चिठ्ठी धरलेला एक हात आत यायचा, मी त्यावर गोळ्या ठेवायचो, हात बाहेर जायचा. तो हात कोणत्या घरून आला, दिवसभर काय उचलतो, कुठलं पाणी भरतो, हे विचारायला वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर हौसही नव्हती. मग अभ्यासाची रजा मिळाली आणि सार्वजनिक आरोग्याच्या दोन वर्षांच्या पदवीला नाव घातलं. घर वर्ध्याला लागून पिपरी मेघेत. सकाळी डबा घेऊन स्कूटरला किक मारायची आणि निघायचं.

पहिल्या दिवशी वर्गात शिरलो तर सगळी पोरं उठून उभी राहिली. कोण आलं म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मी गुपचूप शेवटच्या बाकावर जाऊन बसलो, तेव्हा जो हशा पिकला त्यात माझाही आवाज होता. त्या दिवसापासून मी सगळ्यांचा 'काका' झालो.

इतकं मी आधी कधी हसलो नव्हतो. वर्गात दातांच्या डॉक्टर होत्या, नर्सिंग केलेल्या मुली होत्या, आयुर्वेदवाले होते. मॅडम विचारायच्या, "हिवताप कुणाला होतो?" आम्ही म्हणायचो, डास चावतो त्याला. "डास कुणाला चावतो?" दाराशी पाणी साचतं त्याला. "आणि पाणी कुणाच्या दाराशी साचतं?" असं करत करत तास संपेपर्यंत आम्ही तापापासून निघून ग्रामपंचायतीच्या नालीपर्यंत पोचलेलो असायचो. उरलेलं भांडण सावंगीच्या रस्त्यावरच्या टपरीवर, तर्री-पोह्यांसोबत. तेच डोक्यात घेऊन मी घरी यायचो. बायको म्हणायची, "तुम्ही शिकायला लागल्यापासून या घरात साधं खोकायची सोय राहिली नाही. खोकलं की लगेच कारणाचं कारण विचारता."

या सगळ्यात मी एक गोष्ट लपवत होतो. मला जवळचं दिसेनासं झालं होतं. फळा दिसायचा, फळ्यामागच्या भिंतीवरची पाल दिसायची, पण हातातल्या पुस्तकाची मुंगीसारखी अक्षरं एकमेकांत मिसळायची. आरोग्य केंद्रात चालून गेलं, कारण गोळ्यांची पाकिटं मी रंगावरून ओळखायचो. वर्गात कागद लांब धरून वाचायचो. पोरांना वाटायचं, काका विचार करत करत वाचतात. चष्मा घ्यायला काय जात होतं? काही नाही. पण 'काका' तर झालोच होतो, त्यावर आणखी चष्मा नको होता. चोविशीतल्या पोरांत बसून मलाही थोडं चोविशीतलं वाटायला लागलं होतं, हे आता कबूल करतो.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात आमचं आठवड्याचं शिबिर लागलं. तळेगावच्या बाजूचं एक गाव. मुक्काम शाळेत. सकाळी घरोघर फिरायचं, दुपारी माहिती जुळवायची, संध्याकाळी उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात गावकऱ्यांकडून टोमणे ऐकायचे. माझ्या गटाची प्रमुख होती यवतमाळची एक मुलगी, दातांची डॉक्टर. जीभ दातांपेक्षा धारदार.

आमच्याकडे एक काम होतं. गावाला स्वतःच्या दुखण्यांचा क्रम लावू द्यायचा. जमिनीवर चित्रांचे पुठ्ठे मांडायचे: ताप, हगवण, खरूज, कंबरदुखी, असे. लिहिता-वाचता येवो न येवो, प्रत्येक बाईला दहा चिंचोके द्यायचे आणि ज्या दुखण्यानं जास्त सतावलंय त्या चित्रावर जास्त ठेवायला सांगायचं. सगळ्यांत मोठी रास ते गावाचं पहिलं दुखणं. पुढच्या महिन्यात गावात तपासणीचं शिबिर व्हायचं, त्यात काय आणायचं ते याच यादीवरून ठरणार होतं. तेव्हा हा खेळ असला तरी नुसता खेळ नव्हता.

त्या दिवशी बाजार होता म्हणून कापूस वेचणीला सुट्टी. सकाळच्या उन्हात दहा-अकरा बाया एका अंगणात जमल्या. आणि आमच्या लक्षात आलं की चिंचोक्यांची पिशवी वर्ध्यालाच राहिली.

"काका, पिशवी तुमच्याकडे होती," प्रमुखबाई म्हणाली.

होती. स्वयंपाकघराच्या ओट्यावर होती.

अंगण ज्या मावशीचं, ती पन्नाशीची, उंच, आवाज खणखणीत. ती म्हणाली, "त्यात काय एवढं रडता? ज्वारी चालन का?" आणि सूप भरून ज्वारी घेऊन आली. चिंचोके का वापरतात, हे आम्हाला थोड्या वेळानं कळणार होतं.

बायांनी दाणे हातात घेतले, चित्रांवरून नजर फिरवली, पण कुणी पुढे होईना. मग मावशीच बोलली. "सर, ह्या कागदाईवर आमचं खरं दुखणं नाईच."

"काऊन? काय राहिलं?" मी विचारलं.

तिनं पदराला खोचलेली सुई काढली आणि कंबरदुखीच्या शेजारी जमिनीवर ठेवली. "हे घ्या माहं चित्र. मले दूरचं सारं दिसते. त्या बाभळीवरचा कावळा दिसते. पण दाळीतला खडा दिसत नाई, सुईत दोरा जात नाई. माह्या घरचे रोज दाताखाली खडा आला का मले बोलतात."

"माह्या सासऱ्याचा त दातच गेला खड्यानं," दुसरी म्हणाली.

"तो आधीच हालत होता वो. खड्याच्या नावावर गेला," तिसरी.

हसता हसता दाणे पडायला लागले आणि बहुतेक सुईकडे. चाळिशीपुढची एक बाई अशी नव्हती जिनं तिथं ठेवले नाहीत. तापाच्या चित्रावर पाच-सात दाणे, कंबरदुखी-खरजेवर थोडे जास्त, आणि सुईभोवती ढीग. आमची प्रमुख खूश झाली. "काका, हे तर पुस्तकात नाहीच!"

मावशीनं सुई उचलून दोऱ्यासकट माझ्यापुढे धरली. "सर, तुमाले खोटं वाटत असन त ओवून पाहा बरं."

मी घेतली. दोरा ओला केला. एकदा हुकला, दोनदा हुकला. तिसऱ्यांदा दोरा माझ्या अंगठ्यावर टेकला आणि मला वाटलं, गेला. मावशीनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि टाळी वाजवली. "बाप्पा! सर त आपल्याच पार्टीतले निंगाले!"

अंगण हसून लोटपोट झालं. आमची पोरंही हसली. त्यात कुणाच्या मनात खोट नव्हती. उलट त्या बाया मला आपल्यात घेत होत्या, बसायला जागा करून देत होत्या. आज ते आठवलं की हसू येतं. पण तेव्हा माझे कान तापले. "ऊन डोळ्यांवर येतंय," मी म्हणालो आणि सुई परत दिली. मावशीनं ती पुन्हा राशीत ठेवली.

बाया बाजाराची तयारी करायला आपापल्या घरी गेल्या. मावशी चहा टाकायला आत गेली. प्रमुखबाईचा फोन शाळेत चार्जिंगला होता, तो आणून फोटो काढायचा म्हणून ती पळाली. "काका, लक्ष ठेवा," म्हणाली. बाकीची पोरं तिच्यामागे.

कोंबड्या आल्या त्या आधी तापाच्या चित्राकडे. दोन-चार दाणे टिपले. मी हुसकावल्या. मग मी त्या सुईच्या राशीकडे पाहत उभा राहिलो. हा ढीग वर्ध्याला जाणार. त्यावर वर्गात चर्चा होणार. आणि दर वेळी कुणीतरी सांगणार की काकांनाही सुई ओवता आली नाही. बस्, एवढंच कारण. मी पायानं रास विस्कटली, दाणे पुढे लोटले आणि बाजूला होऊन कोंबड्यांना बोलावलं. क्यू क्यू करून बोलावलं. त्यांनी काम चोख केलं.

प्रमुखबाई परत आली तेव्हा राशीच्या जागी सुई तेवढी मातीत चमकत होती. "अहो काका!"

"मी वळलो आणि तेवढ्यात," मी म्हणालो.

"पुन्हा मांडू या ना."

"बाया बाजाराला निघाल्या. आता कुठे?"

मावशी चहा घेऊन बाहेर आली, पाहिलं आणि हसतच सुटली. "पाहा ना सर, कोंबडीले बारीक दाणा बरोब्बर दिसते. आमालेच नाई दिसत."

मॅडमना आम्ही कोंबडीची गोष्ट सांगितली. त्याही हसल्या, मग म्हणाल्या, "जे मोजलं तेवढंच लिहा. अंदाजानं काही लिहू नका." बरोबरच होतं त्यांचं. चित्रांवर उरलेले दाणे तेवढे मोजले होते, त्यामुळे यादीत कंबरदुखी पहिली आली, खरूज दुसरी. पुढच्या महिन्यात शिबिरात मलम आलं, कंबरेच्या गोळ्या आल्या. रांगेत मावशी होती, हातात सुईदोरा. मी टेबलामागे होतो.

"चष्मे नाई आणले?"

"यादीत नव्हतं, मावशी."

"हो ना, कोंबडीनं खाल्लं माहं," असं म्हणून तिनं हसत हसत मलम घेतलं. तिला खरूज नव्हती.

परीक्षा झाल्यावर मी चष्मा घेतला. दुकानातून बाहेर आलो आणि हातातल्या पावतीवरचं सगळ्यांत बारीक अक्षर वाचलं. मग स्कूटरच्या चावीवरचा आकडा वाचला, बिस्किटाच्या पुड्यावरचं सगळं वाचलं. रस्त्यावर उभा राहून वेड्यासारखा वाचत सुटलो. इतका आनंद झाला होता, आणि त्याच्याच पोटात कळलं की मावशीनं हेच मागितलं होतं.

आता मी तालुक्याच्या शिबिरांची आखणी करतो. आमच्या प्रत्येक शिबिरात जवळच्या चष्म्यांचं टेबल असतं आणि तिथं सुईदोरा ठेवलेला असतो. सुई ओवली की बाया ओरडतात, एकमेकींना दाखवतात, काही जणी दुसरीचाही दोरा ओवून देतात. ते टेबल दिवसभर हसत असतं. वरिष्ठ विचारतात, ही कल्पना कुठून सुचली? मी म्हणतो, असंच.

त्या गावी मात्र मी पुन्हा गेलो नाही. दोन वर्षांपूर्वी तिथल्या आशाताईंच्या हाती चष्मे पाठवले, मावशीपासून सुरुवात करा म्हणून सांगितलं. आठवड्यानं त्यांचा फोन आला. चष्मे बसले, दाळ निवडून झाली. मावशीचा निरोप होता: "सरले सांगजो, मी कोंबडीले माफ केलं."

चष्मे पोचले, म्हणजे फिटलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगून पाहिलं. फिटलेलं नाही. त्या अंगणात जाऊन मावशीला आणि त्या बायांना, दाणे मी सारले, हे तोंडानं सांगायचं आहे. मॅडमच्या कपाटातल्या त्या यादीत पहिल्या ओळीवर त्यांचं दुखणं लिहायचं आहे. आणि टेबलाची कल्पना मावशीची, हे विचारणाऱ्यांना सांगायचं आहे. एवढं मी देणं लागतो.