सांडूमामांचे अकरा दगड

अन्याय झाला तो सांडूमामांवर. यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहा वाजता, छावणीच्या रस्त्यालगतच्या जुन्या ज्यू कब्रस्तानात. कुंपण तोडून रस्त्याच्या कामाचा जेसीबी आत शिरला. कबरींचे अकरा दगड ट्रॉलीत पडले आणि घरबांधणीचा जुना दगड म्हणून विकले गेले. "कुणाचं काय गेलं?" असं रस्त्याचा ठेकेदार अजूनही विचारतो. लाज वाटायला हवी!

सांडूमामा मुकुंदवाडीचे पाथरवट. सायकलवर फिरून जात्या-पाट्यांना टाकी लावायचे. मिक्सर आले, धंदा बसला, मग या कब्रस्तानाचे रखवालदार झाले. ज्या कुटुंबानं ठेवलं ते इस्राएलला गेलं, तरी मामा रोज येत राहिले. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते हिब्रू अक्षरांवरून बोट फिरवत होते.

"वाचता येतं, मामा?"

"नाय गं. पण कोरणारा डावखुरा व्हता, एवढं कळतंय."

नवीन असताना ते कबरींवरचे खडे कचरा समजून झाडून टाकायचे. "ठाण्याहून कबरीपाशी आलेली एक ज्यू म्हातारी लई भडकली. म्हणली, बाबा, हीच आमची फुलं!" तेव्हापासून प्रत्येक कबरीवर मामांचा रोज एक खडा.

कब्रस्तान वाचवा म्हणून मी काढते ते हे पत्रक त्यांना आवडायचं नाही. "लई वरडती तू. दगडाला हळू टाकी मारावी, नायतर फुटतंय."

"हळू मारून ऐकतंय कोण, मामा?"

वारसा म्हणून नोंद करा, हा आमचा अर्ज कचेरीत धूळ खात होता. पावसाळ्याआधी मामांनी कललेले अकरा दगड काढून पालथे ठेवले. पाथरवटाची रीतच ती. कोरलेली बाजू मातीकडं, म्हणजे पाऊस आणि धक्का पाठीनं सोसायचा. चांगुलपणानं केलेली ही चूक ठेकेदाराच्या पथ्यावर पडली.

मामांना घेऊन तक्रार द्यायला गेले, तर कचेरीतले साहेब म्हणाले, "अक्षरं होती कुठं? साधे दगड होते. आणि तुम्ही कोण? वारस आणा."

"मी हाय न्हवं."

"तुम्ही ज्यू आहात?"

"पाथरवट हाय, सायब. ज्या दगडाला कुणी नाय, त्याला पाथरवट."

साहेब हसले. ते हसणं मी विसरणार नाही.

मग दगड वाळूजकडच्या नव्या प्लॉटिंगमध्ये विकल्याचं कळलं, तेव्हा गुडघे धरून मामा तिथं दारोदार फिरले. एका मोरीत धुण्याचा दगड उलटवला, तर खाली हिब्रू ओळ आणि तिच्याखाली मराठीत 'रेबेकाबाई'. घरच्या बाईनं पदरानं दगड पुसला. "अगं माय, ह्याच्यावर म्या गोधड्या आपटल्या!" तिनंच रिक्षा बोलावली, दगड मांडीवर घेऊन आली.

बाकीचे सापडले नाहीत. दिवाळीनंतर मामांनी अंथरूण धरलं. शेवटी एकच बोलायचे, "म्याच पालथं घातलं गं." मी दहादा सांगितलं, चूक तुमची नाही. ते तसेच गेले. ज्यांची चूक होती, ते खुर्चीवर बसून आहेत.

दहा दगड अजून तुमच्यापैकीच कुणाच्या तरी घरात आहेत. यंदा जुना दगड विकत घेतला असेल, तर आज पायरी उपटा, मोरीतला दगड उलटवा. खाली अक्षरं असतील. वाचता येणार नाहीत. मामांनाही येत नव्हती. दगड कब्रस्तानात परत आणून द्या.